क्रँकशाफ्टवरच्या अक्षता

साहेब,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "सोनवणे साहेब अत्यंत शांत स्वभावाचे होते. त्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द ऐकला नाही." मी दुसऱ्या रांगेत होतो. मला ठसका लागला. सायलेन्सरचा गंजलेला नट सुटत नव्हता तेव्हा तुम्ही त्या नटाच्या सात पिढ्यांचा जो उद्धार केलात, तो पार्किंगच्या बरोबर वर राहणाऱ्या सेक्रेटरींनी ऐकला नसेल हे शक्यच नाही. पण माणूस गेला की लोक फोटोबरोबर त्याचा स्वभावही फ्रेममध्ये बसवतात. विमलताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मंडळींना वाटलं, हुंदका आवरतायत.

म्हणून हे लिहायला बसलो. आज दसरा. तुम्हाला दोन गोष्टी कळवायच्या आहेत. गाडीचं काय झालं, ही एक. आणि सुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायचं की नाही या आपल्या वर्षभराच्या वादाचा निकाल लागला, ही दुसरी. निकाल तुमच्या बाजूने लागला नाही. माझ्याही नाही. पण ते शेवटी. मधला एक नट गाळला की सगळं परत उघडावं लागतं, हे तुम्हीच मला शिकवलंत.

एका सोसायटीत राहून आपण कित्येक वर्षं फक्त "काय, फिरून आलात?" आणि "पाणी आलं का?" एवढंच बोललो. कर्वेनगरातल्या माणसांना तेवढं पुरतं. तुम्ही धरणांवरचे पंप आणि डंपर सांभाळून सरकारी नोकरीतून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, मी कॉलेजात भूगोल शिकवून. तुम्ही मला 'सर' म्हणायचात, मी तुम्हाला 'साहेब'. इतक्या आदराने वागणाऱ्या दोन माणसांची मैत्री व्हायची म्हणजे कठीणच. ती झाली सेक्रेटरींच्या नोटिशीमुळे.

तुमची ती फिकट निळी गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कव्हराखाली उभी होती. कव्हराच्या आत मांजरीच्या दोन-तीन पिढ्या नांदून गेल्या. एके सकाळी फळ्यावर सूचना लागली : 'पार्किंग वाहनांसाठी आहे, स्मारकांसाठी नाही. संबंधितांनी बोध घ्यावा.' संबंधित एकटे तुम्हीच होतात. तुम्ही खिशातलं पेन काढून खाली लिहिलंत, 'सदर वाहन दुरुस्तीच्या प्रक्रियेत आहे', आणि सही ठोकलीत. मी शेजारीच होतो. विचारलं, "कुठे टाकली दुरुस्तीला?"

"अजून कुठेच नाही," तुम्ही म्हणालात. "पण आता लिहून बसलो ना."

सरकारी माणूस लिहिलेल्या शब्दाला किती मानतो ते मला त्या दिवशी कळलं.

खरं कारण वेगळं होतं, ते तुम्ही पुढे सांगितलंत. दर दसऱ्याला, तुमच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, तुम्ही आणि विमलताई पांढऱ्या कपड्यांत त्याच गाडीने देहूरोडच्या विहारात जायचात. मुलगी त्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपून मोठी झाली आणि परदेशी गेली. मग इंजिनाने मान टाकली आणि तुम्ही भाड्याच्या गाडीने जाऊ लागलात. एका वर्षी परत येताना विमलताई एवढंच म्हणाल्या, "आपली गाडी बरी होती." तक्रार नाही, हट्ट नाही. "सर, ती कधी काही मागत नाही," तुम्ही मला म्हणालात. "हे मागणंच झालं." म्हणजे साधायचं ते एवढंच होतं, की एका दसऱ्याला विमलताई स्वतःच्या गाडीतून विहारात गेल्या पाहिजेत. बाकी सगळं, नोटीस धरून, निमित्त.

दोन मेकॅनिकांनी येऊन गाडी बघितली आणि 'काका, भंगारात घाला' असा एकमुखी सल्ला दिला. तेव्हा तुम्ही ठरवलंत, इंजिन आपणच उतरवायचं, आपणच उघडायचं, आपणच बांधायचं. धरायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी. मी म्हटलं, "साहेब, मी भूगोलाचा माणूस. मला ज्वालामुखी कळतो, इंजिन नाही." तुम्ही म्हणालात, "उष्णता, दाब आणि स्फोट. तुम्हाला अर्धं येतंच आहे." आणि लगेच पुढचं वाक्य, जे मी त्यानंतर रोज सकाळी ऐकलं : "सर, नुसते बघत बसू नका. पाना द्या." मी चौदा-पंधराचा द्यायचो. तुम्हाला बारा-तेराचा हवा असायचा. तुम्ही काही बोलायचा नाहीत, फक्त तो पाना डोळ्यांसमोर धरून एखाद्या नापास मुलाच्या पेपरासारखा बघायचात.

इंजिन वर उचलायला चेन-पुली मिळाली, पण ती टांगायची कुठे? शेडला टांगली असती तर इंजिन जागेवर राहून शेड खाली आली असती. तेवढ्यात सोसायटीच्या गणपतीचा मांडव शेडला लागून उभा राहिला, भक्कम लोखंडी चौकटीचा. तुम्ही सेक्रेटरींकडे रीतसर परवानगी मागितलीत. "गणपती उद्या येतायत. वेळेत होईल ना?" त्यांनी विचारलं. "अर्ध्या तासाचं काम," तुम्ही म्हणालात. इंजिन छान वर आलं, गाडीतून बाहेर आलं, मांडवाच्या मधोमध पुरुषभर उंचीवर गेलं आणि तिथे चेन अडकली. वर जाईना, खाली येईना.

दुसऱ्या दिवशी गणपती आले तेव्हा इंजिन तिथेच होतं. सजावटीच्या मंडळींनी नाइलाजाने त्याला जांभळं कापड गुंडाळलं आणि वर एक झेंडूची माळ सोडली. संध्याकाळी शेजारच्या सोसायटीतल्या बायका दर्शनाला आल्या. त्यांनी गणपतीला नमस्कार केला, मग वर बघून त्या गाठोड्यालाही केला. एकीने त्याच्याखाली मोदक ठेवला. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "निदान दोन थेंब ऑइल तरी वाहायचं."

त्या आरतीतले तुम्ही मला अजून दिसता. बावीस प्रतिज्ञा मनापासून पाळणारा माणूस. मूर्तीपुढे हात जोडणार नाही आणि जोडणाऱ्याला हसणारही नाही. एरवी आरतीच्या वेळी तुम्ही शांतपणे घरी असायचात. पण इंजिन टांगलेलं सोडून जाणार कसे? सगळी सोसायटी देवाकडे बघून टाळ्या वाजवत होती आणि तुम्ही एकटे, झोका बसू नये म्हणून इंजिनाला हात लावून, चेनच्या कडीकडे एकटक बघत उभे. एक आजी मला म्हणाल्या, "किती तल्लीन झालेत हो!" विसर्जनाच्या आधी चेन सुटली. देवाच्या आधी इंजिनाचं विसर्जन झालं, एका जुन्या टायरावर.

मग आमचं जुनं जेवणाचं टेबल शेडमध्ये आलं आणि त्याच्यावर इंजिन उघडं पडलं. सिलिंडरची भोकं नव्याने कातायला, क्रँकशाफ्ट घासायला नाना पेठेत गेलो. लेथवाल्याने विचारलं, "मुलगा करतोय का हे?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "हे सर करतायत. मी मदतनीस." येताना स्कूटरवर तो वीस पिशव्यांत गुंडाळलेला क्रँकशाफ्ट मी मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि खड्डा आला की तुम्ही मागे वळून माझी नाही, त्याची चौकशी करत होतात.

आता त्या दसऱ्याकडे येतो.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. आमच्या घरातली हत्यारं म्हणजे विळी, अडकित्ता आणि माझा पृथ्वीगोल. त्या वर्षी तुमच्या नादाने मी पान्यांचा संच घेतला होता, त्यामुळे सुधाला भलताच उत्साह आला. "यंदा पहिल्यांदा घरात खरी हत्यारं आली," ती म्हणाली. मी म्हटलं, शेडमध्ये टेबलावर आहेत, वाहून ये हळदकुंकू. टेबलावर माझ्या पान्यांच्या शेजारी तुमचा क्रँकशाफ्ट होता, रॉकेलने धुऊन, तेल लावून, दुसऱ्या दिवशी बसवायला तयार. पिस्टनांच्या वरखाली उड्यांमधून चाकांना फिरवणारा तो वाकडातिकडा जाड दांडा. त्याच्या पोटातून तेलाच्या बारीक वाटा जातात आणि अंगावर भोकं पडलेली असतात, हे मला ठाऊक होतं, सुधाला नव्हतं. तिला वाटलं, आपल्या पान्यांना फुलं आणि शेजारी साहेबांची वस्तू कोरडी, हे काही बरं दिसत नाही. तिने क्रँकशाफ्टला हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या आणि वर चिमूटभर अक्षता टाकल्या.

तेवढ्यात तुम्ही दोघं विहारातून परत आलात, पांढऱ्या कपड्यांत, भाड्याच्या गाडीतून. सुधा एकदम ओशाळली.

"साहेब, तुमच्याकडे हे चालत नाही, ठाऊक आहे मला. आरती नाही हो ओवाळली. पण फुलं तर तुम्हीही वाहता ना?"

तुम्ही क्रँकशाफ्टकडे पाहिलंत, मग तिच्याकडे. "वाहतो ना, वहिनी. वाहतो." अक्षतांबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "साहेब, हा परत रॉकेलमध्ये बुडवून घ्या." तुम्ही वर पाहिलंत. आमच्या गॅलरीत सुधा कपडे वाळत घालत होती. तिने हात केला. "साहेब, बसवताय का?"

"बसवतोय, वहिनी!" आणि मग हळू आवाजात मला, "त्यांच्या देखत त्यांनी वाहिलेलं रॉकेलने धुऊ?"

"मग ती आत जाईपर्यंत थांबा."

थांबलो. पण सुधाने त्या दिवशी नेमके घरातले सगळे पडदे, चादरी आणि अभ्रे काढले होते. बादलीमागून बादली येत राहिली. शेवटी तुम्ही मऊ फडक्याने, अगदी मान राखून, एकेक पाकळी उचललीत, एकेक दाणा वेचलात, कुंकू टिपलंत आणि क्रँकशाफ्ट बसवून टाकलात. आयुष्यभर हाताखालच्या लोकांना 'तेलाची वाट साफ केल्याशिवाय काही बसवायचं नाही' असं दटावणारा अधिकारी एका बाईच्या वाळत घातलेल्या पडद्यांपुढे हरला.

दिवाळीच्या तोंडावर, मांडव नव्हता म्हणून तीन वासे बांधून केलेल्या घोडीवरून, इंजिन गाडीत बसलं. सुरू करायला सगळी सोसायटी जमली. विमलताईंनी पेढे आणले होते. तुम्ही मला शेजारी बसवलंत आणि डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा दाखवलात. "चावी फिरवली की हा लागतो. इंजिन चालू होऊन तेलाला दाब आला की विझतो. सर, संसारात हा एकच दिवा असा, की विझला की आनंद मानायचा." इंजिन धडधडत सुरू झालं. टाळ्या झाल्या. दिवा विझल्यासारखा झाला, लुकलुकला, परत लागला. मग आतून टक, टक, टक असा आवाज यायला लागला, कोणीतरी आत अडकलंय आणि दार ठोठावतंय असा. तुम्ही चावी बंद केलीत.

सेक्रेटरी म्हणाले, "स्मारक परवडलं. आवाज तरी करत नव्हतं."

तुम्ही खाली उतरलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "माझी चूक. साफ करायचं राहिलं." पेढे मात्र वाटलेत. लोकांनी ते सांत्वनाला आल्यासारखे खाल्ले.

परत इंजिन खाली. परत सगळं उघडलं. एक बेअरिंग सुकून खरवडून निघालं होतं. त्याला तेल पोचवणाऱ्या भोकात तुम्ही दाभण घातलंत आणि अलगद बाहेर ओढलंत. दाभणाच्या टोकावर तांदळाचा एक दाणा होता, तेलात तळून तपकिरी झालेला, एका बाजूला अजून कुंकू लागलेला.

आपण दोघं त्या दाण्याकडे बघत राहिलो. आधी तुम्ही हसायला लागलात. मग मी. वरून सुधाने विचारलं, "काय झालं हो?" आणि आपण एका दमात म्हणालो, "काही नाही!"

थोड्या वेळाने तुम्ही कुठूनसं होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली घेऊन आलात. दाणा त्यात टाकलात, झाकण लावलंत आणि माझ्या हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवलीत. "पुरावा नष्ट करायचा नाही," तुम्ही म्हणालात. "पण सादरही करायचा नाही."

तिथून आपला वाद सुरू झाला. मी म्हणायचो, सुधाला सांगून टाकू, नाहीतर पुढच्या दसऱ्याला परत तेच. तुम्ही म्हणायचात, पुढच्या दसऱ्याला इंजिन बॉनेटखाली असेल, वरून काय वाहायचं ते वाहू दे. मी म्हणायचो, अहो, सगळी सोसायटी तुम्हाला हसते, इंजिनिअर असून साफसफाई विसरले म्हणून. तुम्ही म्हणायचात, "हसू दे. त्याने पेन्शन थांबत नाही." एकदा मी चिडलो. म्हटलं, "साहेब, हा सभ्यपणा नाही, हा हट्ट आहे."

तुम्ही हातातलं फडकं खाली ठेवलंत. "सर, मी लहान होतो तेव्हा गावात आमच्या वस्तूंना कोणी हात लावत नसे. पाणीसुद्धा वरून ओतायचे. आणि वहिनींनी न विचारता माझ्या क्रँकशाफ्टला फूल वाहिलं. आपल्या पान्यांचं झालं, साहेबांचं राहायला नको म्हणून. त्यातला एक दाणा आत गेला, तर मी त्यांना जाब विचारू?"

गप्पा पुष्कळ मारल्या असतील आपण, पण तुम्ही हे कधी सांगितलं नव्हतंत, आणि मी कधी विचारलं नव्हतं. मग तुम्हीच फडकं उचललंत. "आता नुसते बघत बसू नका. पाना द्या." मी पाना दिला. पहिल्यांदा बरोबर दिला, बारा-तेराचा. तुम्ही बघितलंत आणि काही म्हणाला नाहीत. त्या दिवसाइतकी शाबासकी मला सगळ्या नोकरीत मिळाली नाही.

दुसऱ्यांदा इंजिन बांधताना तुम्ही प्रत्येक भोकात आधी दाभण, मग रॉकेल, मग सायकलच्या पंपाने हवा मारलीत. मी विचारलं, "आणखी अक्षता शोधताय?" तुम्ही म्हणालात, "लग्नघर आहे, काय सांगावं." यंदा गणपतीच्या मांडवाआधीच इंजिन गाडीत गेलं. सगळं जोडून झालं. मी म्हटलं, मारू चावी? तुम्ही नको म्हणालात. दसऱ्याच्या सकाळी, विमल शेजारी बसली की. गेल्या वेळी सभा भरवून हसं झालं, आता ती आणि आपण, बास.

आणि मग तुम्हीच गेलात. हे वाक्य लिहून मी उठलो, गॅलरीत जाऊन आलो, परत बसलो. राग येतो, साहेब. एवढे नट आवळलेत, चावी तेवढी फिरवायची राहिली होती. थांबायचं होतं.

हॉस्पिटलात मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही बोलायला थकत होतात. तरी दोन सूचना दिल्यातच. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवीन घाला, ही पहिली. "आणि वहिनींना सांगायचं नाही," ही दुसरी. मी म्हटलं, "नाही सांगणार." तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे नीट पाहिलंत. वर्षभर ज्याच्याशी भांडलो तो इतक्या पटकन कसा काय मानतोय, असं. मला तेव्हाच वाटलं, चुकलो. थोडं भांडायला हवं होतं. मी वाद सोडला त्यावरून तुम्हाला जे कळायला नको होतं ते कळलं असणार.

तुम्ही गेल्यावर मी सवयीने सकाळी शेडमध्ये जायचो. टेबलापाशी उभा राहायचो. आता मला सगळे पाने बिनचूक ओळखता येतात आणि मागायला कोणी नाही. सेक्रेटरी एकदा खाली आले. मला वाटलं, स्मारकाबद्दल काहीतरी बोलणार. ते थोडा वेळ गाडीशी उभे राहिले आणि म्हणाले, "कव्हर घाला हो नीट. धूळ बसते." आणि गेले.

आज सकाळी. विमलताई पांढरी साडी नेसून खाली आल्या. यंदा जातील असं मला वाटलं नव्हतं.

"गाडी तयार आहे ना, सर?"

"तयार आहे. पण अजून सुरू करून बघितलेली नाही, ताई."

"मग करा. त्यांनी आजचंच ठरवलं होतं ना?"

मी बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरवरचं झाकण काढून शेवटची नजर टाकत होतो, म्हणजे इंजिनाचं तोंड आ वासून उघडं होतं. तेवढ्यात जिन्यावरून सुधा खाली आली. हातात पूजेचं ताट. मी दोन्ही हात पसरून इंजिनापुढे उभा राहिलो आणि ओरडलो, "सुधा, तिथेच थांब!"

"ओरडता कशाला?" ती म्हणाली. "अक्षता नाही आणल्या. फक्त फुलं आहेत. गेल्या वर्षीचा एक दाणा पुरला ना."

माझे हात तसेच राहिले. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बाटली कोणाकडून नेली होती साहेबांनी? माझ्याकडूनच! नुसती नेली असती तरी चाललं असतं. 'वहिनी, झाकण घट्ट बसतं ना?' असंही विचारलं. दुसऱ्या दिवशी पक्कड घ्यायला तुमची पेटी उघडली, तर तीच बाटली, आत माझा कुंकवाचा तांदूळ. मी काय एवढी भोळी वाटले तुम्हा दोघांना?"

म्हणजे साहेब, आरोपीकडूनच पुराव्यासाठी बाटली मागून आणलीत. एवढी वर्षं सरकारी नोकरी करून!

"मग बोलली का नाहीस?"

"माफी मागायला दोनदा खाली आले मी. पण मला बघितलं की ते धडकन पेटीचं झाकण लावायचे आणि म्हणायचे, 'वहिनी, चहा झकास झालाय.' चहा अजून ओतलेलासुद्धा नसायचा. इतक्या मनापासून लपवत होते, त्यांचा विरस करवेना." मग सुधा ताटातली फुलं उगाच सारखी करायला लागली. "वाटलं, गाडी सुरू झाली की मागू. आता कोणाची मागू?"

विमलताईंनी तिच्या हातातलं ताट घेतलं. "माफी कसली, सुधाताई? मला तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हसून हसून खोकला लागला. म्हणाले, वहिनींनी अक्षता टाकून माझ्या इंजिनाचं लग्न लावलं."

तर हा निकाल, साहेब. वर्षभर आपण जिच्यापासून जिवापाड लपवलं, तिला सगळं ठाऊक होतं, आणि आपलं मन दुखावू नये म्हणून ती आपल्याला लपवू देत होती. विमलताईंना तर तुम्हीच पहिल्या दिवशी सांगून मोकळे झाला होतात. सुधाची माफी तुम्हाला पोचवतो. आणि एक माझंही राहिलंय. माझ्या बायकोसाठी तुम्ही चारचौघांत 'माझी चूक' म्हणालात, त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोललो नाही. उलट भांडलो. मी तुमचा ऋणी आहे, साहेब. हे तोंडावर बोललो असतो तर तुम्ही पाना मागितला असतात.

सुधा म्हणाली, "ती बाटली द्या, धुऊन गोळ्यांना होईल." विमलताई म्हणाल्या, "राहू द्या. त्यांनी सांभाळलेली वस्तू आहे." बाटली डॅशबोर्डच्या खणात गेली. विमलताईंनी बॉनेटवर एक पांढरं फूल ठेवलं, सुधाने शेजारी झेंडूचं ठेवलं. मी स्टिअरिंगवर, विमलताई शेजारी, सुधा मागे. वर गॅलरीत सेक्रेटरी उभे होते, पेपर वाचत असल्यासारखे, पेपर मात्र घडीतच होता.

मी चावी फिरवली. लाल दिवा लागला. इंजिन घरघरलं, खोकलं, थांबलं. परत फिरवली. एक हिसका बसला, सगळी गाडी थरथरली आणि धडधड सुरू झाली. मी दिव्याकडे बघत होतो. दिवा लुकलुकला.

विझला.

मी कान देऊन बसलो. आतून टक येईल म्हणून वाट बघत राहिलो. आली नाही. नुसती एकसुरी, स्वच्छ धडधड. तुम्हाला सांगायला मी डावीकडे वळलो. तिथे विमलताई होत्या, हात मांडीवर जुळवलेले, नजर सरळ समोर. मला परत त्या दिव्याच्या जागेकडे बघावं लागलं, आणि तीही नीट दिसेना.

मग विमलताई समोर बघतच म्हणाल्या, "सर, नुसते बघत बसू नका. गिअर टाका."

टाकला, साहेब.